शनिवारची पाळी

आमच्या मंडळाला नाव नव्हतं. शनिवारी जमायचं म्हणून सगळे त्याला नुसतं ‘शनिवार’ म्हणत. “येत्या शनिवारी शनिवार कुणाकडे?” असं स्टाफरूममध्ये कुणी विचारलं की नवा माणूस गोंधळायचा. नागपुरातल्या निरनिराळ्या कॉलेजांत इंग्रजी शिकवणारे आम्ही सहा जण त्यात होतो. ज्याची पाळी त्याच्या घरी संध्याकाळी जमायचं. यजमानानं आपल्याला आवडलेल्या पुस्तकातलं एखादं प्रकरण मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी त्यावर बोलायचं, भांडायचं, आणि मग त्या घरी जे केलं असेल ते खाऊन उठायचं. मी वीसेक वर्षं या मंडळात होतो. आता जात नाही.

माझी पत्नी गेली त्याला दोन उन्हाळे झाले. तिच्याबद्दल लिहायला बसलो की हे शनिवारच आधी पुढे येऊन उभे राहतात, आणि मला त्याचा राग येतो. तिच्या आयुष्यात यापेक्षा मोठं पुष्कळ होतं. कॉर्पोरेशनच्या शाळेत तिनं जन्मभर पहिलीचा वर्ग शिकवला. आजही इंदोऱ्याच्या बाजूला तिशीतला एखादा माणूस मला पाहून सायकलवरून उतरतो, बाईंची चौकशी करतो, आणि गेल्या म्हटल्यावर सायकलचं हँडल धरून तसाच उभा राहतो. पण तिला एक गोष्ट हवी होती आणि ती तिला मिळाली नाही. एका शनिवारी हे लोक आपल्या घरी यावेत, बसावेत आणि तिच्या हातचं खाऊन जावेत, एवढीच ती गोष्ट. कागदावर लिहिली की किती लहान दिसते.

मंडळ सरांचं होतं. सर मला एम.ए.ला शिकवायला होते. मी उमरेडच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातून आलेला. इंग्रजी वाचलेलं भरपूर, ऐकलेलं जवळजवळ नाहीच. त्यामुळे शब्द डोळ्यांच्या ओळखीचे आणि जिभेला परके. एकदा वर्गात मी एक शब्द असा काही उच्चारला की मागच्या बाकांवर खसखस पिकली. सर हसले नाहीत. तोच शब्द त्यांनी पुढच्या बोलण्यात दोन-तीनदा, सहज आल्यासारखा, नीट उच्चारला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माणूस कसा होता ते कळावं म्हणून हे सांगतो. पुढे त्यांनी शब्द टाकला म्हणून मला कॉलेजात नोकरी लागली. मी रुजू झालो त्या दिवसापासून ते मला ‘अरे’ म्हणायचे थांबले आणि ‘अहो प्रोफेसर’ म्हणू लागले. त्याच महिन्यात त्यांनी मला शनिवारला नेलं.

बाकीच्या पाचही घरांत मी वर्षानुवर्षं खाल्लं आहे. धंतोलीत सरांकडे दडपे पोहे, धरमपेठेतल्या एका अंगानं भरलेल्या, थट्टेखोर प्राध्यापकांकडे साबुदाण्याचे वडे, आणखी कुठे शिरा, कुठे थालीपीठ. मला कोणी कधी वेगळा कप दिला नाही, वेगळं बसवलं नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण वाचणारा तेच वाचायला मिळेल म्हणून तयार बसलेला असेल. सरांच्या पत्नी तर आग्रह करकरून वाढायच्या. “घ्या हो, संकोच करू नका, आपलंच घर आहे.” या वाक्यात काही खोटं होतं असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्यांचं घर माझं होऊ शकत होतं. माझं घर त्यांचं होऊ शकत नव्हतं. हे कळायला मला बराच काळ लागला, आणि तिला मुळीच लागला नाही.

पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा आमचं लग्न नुकतंच झालेलं होतं. वस्तीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. मी घरी सांगितलं तशी ती कामाला लागली. सतरंजी कुणाची आणायची, बत्ती कुठे टांगायची, शेजारच्या पोरांना तेवढा वेळ कुठे पिटाळायचं. धरमपेठेतून उठताना मी सगळ्यांना म्हटलं, “पुढच्या वेळी माझ्याकडे.” सर चपला घालत होते. ते थांबले आणि फार मायेनं म्हणाले, “अहो, नवीन संसार तुमचा. तिला बिचारीला कशाला त्रास? आपण असं करू, तुमची पाळी माझ्यासोबत जोडून घेऊ. वाचा तुम्ही, बसू माझ्याकडे.”

“हो हो, जोडूनच घ्या,” धरमपेठेचे म्हणाले. “तिकडे यायला रिक्षावाला दुप्पट मागतो. आणि मला बघून तिप्पट.”

सगळे हसले. मीही हसलो. विनोद वाईट नव्हता.

घरी आलो तर ती दारातच उभी.

“काय म्हणे तुमचे सर? येतेत ना?”

“जोडून घेतली.”

“काय जोडून घेतली?”

“पाळी. मी वाचायचं, बसायचं त्यांच्याकडे.”

तिनं जरा विचार केला. “म्हणजे यजमान तुम्ही, अन् घर त्यायचं, अन् चूल बी त्यायचीच? मंग तुम्ही काहून यजमान? पाहुणेच झाले ना.”

ठरल्याप्रमाणे मी सरांकडे वाचलं. शेवटी सर म्हणाले, “आजच्या यजमानांचे आभार,” आणि सगळ्यांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. स्वयंपाकघराच्या दारात सरांच्या पत्नी रिकाम्या बशा घेऊन उभ्या होत्या. त्याही हसत होत्या.

पाळी फिरून पुन्हा आली आणि पुन्हा जोडली गेली. तिसऱ्यांदाही. मग विचारायचंही राहिलं नाही. पुढचे शनिवार ठरवताना ‘सर आणि प्रोफेसर’ असं एका दमात म्हटलं जायचं, एखाद्या दुकानाच्या पाटीसारखं.

आमच्या भिंतीला भिंत लागून एक म्हातारी राहायची. मुलगा खापरखेड्याच्या वीजकेंद्रात कामाला होता. म्हातारी तोंडानं फटकळ, आणि गल्लीतलं सगळं तिला ठाऊक. एकदा नळावर साऱ्या बायांसमोर ती माझ्या पत्नीला म्हणाली, “काहून वं मास्तरीण, तुह्या नवऱ्याची पाळी पुन्हा चुकली म्हणते?”

बाया तोंडाला पदर लावून हसायला लागल्या.

“चुकली नाही वं आजी,” ही म्हणाली. “येते बराबर. पण दुसऱ्याच्या घरी येते.”

हे तिनंच मला घरी येऊन सांगितलं, आणि भरलेला हंडा खाली ठेवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. त्या वर्षांत अजून हसू येत होतं.

वस्तीत मला ‘परफेसर’ म्हणत. संध्याकाळी विहारात मी मॅट्रिकच्या पोरांना इंग्रजी शिकवायचो. त्याखेरीज तार आली, औषधाची बाटली आणली, कोर्टाचा कागद आला, की लोक सरळ माझ्याकडे यायचे. कुणी म्हणायचं, “वाचून सांग गा परफेसर, यात मरायचं लिहिलं का जगायचं?” बाटलीवर नुसतं ‘हलवून घ्या’ असं लिहिलेलं असायचं. कॉलेजातही माझ्या वर्गात कुहीकडची, उमरेडकडची पोरं बरीच. भाताच्या बांधीतून निघून पहाटेची एस.टी. पकडून येणारी. ‘मी अभ्यास करून राहिलो’ याचं इंग्रजी ती ‘स्टडी डन, आय लिव्ह्ड’ असं करायची. असलीच एक उत्तरपत्रिका धरमपेठेच्या प्राध्यापकांनी एका शनिवारी वाचून दाखवली. हसून हसून सगळ्यांचे चहा सांडले. मी सांगितलं की आमच्याकडे ‘करतो आहे’ म्हणत नाहीत, ‘करून राहिलो’ म्हणतात. पोरानं ‘राहिलो’चं इंग्रजी केलं. सर खरोखर खूष झाले. “वा! म्हणजे ही चूक नाहीच. हा तर शब्दाला शब्द इमानदार अनुवाद आहे!” मग सगळ्यांनी पंधरा मिनिटं ‘राहणे’ या क्रियापदावर चर्चा केली. ‘आमच्याकडे’ म्हणजे कुठे, ते बघायला यावं असं मात्र कुणाला वाटलं नाही.

मग मी जात का राहिलो? कारण कॉलेजात शिकवणं म्हणजे नोट्स लिहून देणं होतं. पोरांना परीक्षेपुरतं हवं, प्राचार्यांना हजेरीपटापुरतं. पुस्तकावर जीव टाकून भांडणारी माणसं मला त्या एका खोलीत भेटायची. आठवडाभर मी त्यासाठी थांबायचो. तिला हे दिसत होतं.

एका शनिवारी सरांच्या पत्नीनं मला डबा भरून दिला. “तिला न्या. एकटीच असते ना बिचारी घरी.” आत करंज्या होत्या. मी डबा तिच्यापुढे ठेवला. तिनं झाकण उघडून पाहिलं.

“माह्या आजीची बी पाळी राहे,” ती म्हणाली.

मला कळेना.

“गावकीची पाळी. ज्या घराची पाळी त्यानं गावाची कामं करा, सांगावे पोचवा, मेलेलं ढोर ओढा, अन् संध्याकाळी घरोघर जाऊन भाकर मागून आणा. आजी टोपलं घेऊन जाये. लोक काही वाईट नव्हते म्हणे. कोणी कोणी वरून कोरड्यास बी वाढे. ‘घे वं, लाजू नको’ म्हणे.” तिनं झाकण परत लावलं. “दीक्षा घेऊन आल्यावर माह्या बापानं ते टोपलं चुलीत घातलं. पाळीच संपली म्हणे. अन् आता तुम्ही पाच घरचं खाऊन राहिले.”

“तसं नाही वं ते.”

“मंग कसं आहे? बशीत देतेत, चमचा देतेत. आपल्या घरचं त्यायनं एक डाव खाल्लं असतं तं मी काही म्हटलं नसतं. येणंजाणं झालं असतं ते. आता हे नुसतं आणणं झालं.”

एका ओळीवर तासभर बोलण्याचा पगार घेणारा माणूस मी, पण तिच्या बोलण्यात मला कुठे बोट ठेवता येईना.

मग तीच म्हणाली, “जाऊ नका म्हणत नाही मी. तुम्हाले ते लागते, मले दिसते. पण एक डाव त्यायले आणा. एकच डाव. मंग जनमभर जोडून घ्या, मी विचारणार नाही.”

त्यानंतर तिनं जे काही केलं त्यात हा एक डाव कुठेतरी असायचा. सत्तरच्या दशकात आम्ही नव्या ले-आउटमध्ये घर बांधलं. डांबरी रस्ता, पुढे अंगण, सरांच्या घरापासून सायकलनं जाण्याजोगं. बैठकीची खोली तिनं मिस्त्रीशी भांडून मोठी करून घेतली. मिस्त्री म्हणाला, “बाई, दोन माणसांले एवढी बैठक काहून?” ती म्हणाली, “सहा माणसं बसतेत अन् त्यायच्यातला एक वाचते.” मिस्त्रीला वाटलं पोथी वाचतात.

आता वस्ती लांब पडते हे कारण उरलं नव्हतं. मी मंडळात सांगितलं. “घर बांधलं? वा! यायलाच हवं,” सगळे एकदम म्हणाले. जोडून घेऊ असं कोणी म्हटलं नाही. हिवाळ्यातला एक शनिवार ठरला.

तिनं सांबारवड्या करायच्या ठरवल्या. कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो. जुड्याच्या जुड्या निवडायच्या, धुऊन कापडावर सुकवायच्या, खसखस-खोबरं घालून सारण परतायचं, बेसनाच्या पारीत भरायचं आणि तळायचं. सारण ओलं राहिलं की पारी फुटते. तिची कधी फुटली नाही. जुन्या वस्तीतली म्हातारी मदतीला म्हणून सकाळीच रिक्षा करून आली आणि पाटावर बसून नुसत्या सूचना करत राहिली. दुपारी ही माझ्याजवळ येऊन बसली.

“तुम्ही आज वाचणार ते काय आहे?”

मी तिला प्रकरणाची गोष्ट मराठीत सांगितली.

“यात हसतेत कुठं ते सांगून ठेवा.”

“का?”

“मी दारात बसणार आहे ऐकाले. सगळे हसले अन् मी नाही हसली तं बरं दिसत नाही. अन् चुकीच्या जागी हसली तं अजूनच.”

मी दोन जागा सांगितल्या. शब्द आला की ओळखू यावा म्हणून त्या जागचे इंग्रजी शब्द तिनं पाठ केले.

संध्याकाळी फाटकाशी एक रिक्षा थांबली. त्यातून सर उतरले. एकटेच. बाकीच्या चौघांचे निरोप त्यांच्याजवळ होते: कुणाकडे पाहुणे आले होते, कुणाला ताप होता, कुणाची आई पडली होती. धरमपेठेच्यांचं काय ते आता मला आठवत नाही, पण निरोप गमतीदार होता. सरांनी घर हिंडून पाहिलं, भिंतींवर हात फिरवला. “छान केलंत हो. हवा चांगली येते.” मग ते बैठकीत बसले. भोवती पाच खुर्च्या मोकळ्या.

तिनं बशी आणली. वड्यांचा वास खोलीभर पसरला. सरांनी छातीवर हात ठेवला. “सूनबाई, आज शनिवार. माझा उपवास.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. किती शनिवार मी त्यांच्यासोबत, त्यांच्याच घरी दडपे पोहे खाल्ले होते. मी पाहिलं ते त्यांनीही पाहिलं. “हल्लीच धरलाय,” ते म्हणाले. “गुडघ्यांसाठी. कुणीतरी सांगितलं.” मग त्यांची नजर टेबलावरच्या परडीकडे गेली. “संत्रं मात्र घेईन हं. नागपूरचा माणूस संत्र्याला नाही म्हणत नाही.” त्यांनी ते आपल्या हातानं सोललं, शिरा काढून एकेक फोड खाल्ली, कुठल्या बागेतलं म्हणून चौकशी केली, आणि फार गोड आहे म्हणाले. गोड होतंच.

मी एका माणसासाठी प्रकरण वाचलं. ती स्वयंपाकघराच्या दारात बसून होती. दोन्ही जागी ती बरोबर हसली. सर चकित होऊन म्हणाले, “अहो, सूनबाईंना इंग्रजी समजतं की!” तिनं मान खाली घातली.

सर गेल्यावर म्हातारी आतून बाहेर आली. “गेला का उपाशी? मरो. मले दे वं चार अजून. त्यायचा उपवास, आपली दिवाळी.” तिनं उरलेल्या वड्या जुन्या वस्तीत वाटायला बांधून घेतल्या. रिक्षात बसताना गाठोडं मांडीवर घेऊन ती आम्हा दोघांकडे बघत होती.

दिवा लावल्यावर माझ्या पत्नीनं विचारलं, “उपवासाले संत्रं चालते?”

“चालतं.”

“चालणारच. संत्र्याले साल असते. आपला हात आत जात नाही.”

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर मला बोलता आलं असतं. तिनं ते पहिलीच्या वर्गाला सांगावं तसं सांगितलं.

त्यानंतर तिनं शनिवारचा विषय काढला नाही. मी जात राहिलो. माझी पाळी पूर्वीसारखी जोडली जाऊ लागली आणि मी घरी आल्यावर कुणाकडे होतं, काय वाचलं, हे ती विचारेनाशी झाली. पूर्वी मी तिला त्या रात्री प्रकरणाची गोष्ट सांगायचो. तेही बंद पडलं. मी सांगायला सुरुवात केली की ती म्हणायची, “उद्या सांगा, आता वह्या तपासते.” दुसऱ्या दिवशी ती विचारायची नाही आणि मी सांगायचो नाही. आमच्या संसारातून एवढं वजा झालं. बाकी सगळं नीट चाललं होतं.

मग तिला पोटाचं दुखणं लागलं. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात महिना काढला. सरांनी ओळखीच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, दोनदा स्वतः येऊन वॉर्डाबाहेरच्या बाकावर माझ्याजवळ बसले. हेही लिहिलं पाहिजे. शेवटच्या दिवसांत ती शाळेबद्दल बोलायची. कोणत्या पोराला अजून जोडाक्षर येत नाही, तिच्या जागी आलेली बाई मारते का. शनिवारचं नाव नाही. तिनं दोष दिला असता तर मला काहीतरी धरायला मिळालं असतं. एप्रिल संपता संपता ती गेली.

तिसऱ्या दिवशी ते आले. पाचही जण, एका मोटारीतून. बैठकीतल्या सगळ्या खुर्च्या त्या दिवशी पहिल्यांदा भरल्या. चौघांनी तिला कधी पाहिलंच नव्हतं. कोपऱ्यातल्या फोटोकडे बघून एकानं हलक्या आवाजात विचारलं, “ह्याच का?” मी हो म्हटलं. धरमपेठेच्यांनी थट्टा केली नाही. ते आता थकले होते, घाम पुसत बसले होते. सर म्हणाले, “फार हसतमुख बाई. पुस्तकातली गंमत बरोबर कळायची तिला.” मी फोटोखालच्या मेणबत्तीकडे बघत राहिलो.

आमच्यात दीक्षेनंतर सुतक पाळत नाहीत. आलेल्याला चहापाणी विचारतात, लांबून आलेल्याला जेवू घालतात. कुहीकडे दिलेली माझी धाकटी बहीण स्वयंपाकघर सांभाळत होती. तिला या लोकांचं काहीच ठाऊक नव्हतं. भावाकडे मोठी माणसं आली एवढंच तिनं पाहिलं आणि ट्रेमध्ये चहा घेऊन आली.

कुणी हात पुढे केला नाही. सर फार मऊ आवाजात म्हणाले, “नको बाळ. अशा घरी काही घ्यायचं नसतं.”

बहिणीनं माझ्याकडे पाहिलं. ट्रे तिच्या हातात तसाच.

मी म्हटलं, “सर, आमच्यात सुतक नसतं.”

“आमच्यात असतं ना,” सर म्हणाले.

त्यांनी हे खोटं सांगितलं नाही. त्यांच्यात असतंच. कित्येक वर्षांनंतर एकदाचं कुणाला काही सांगावं लागलं नाही. गुडघे नाहीत, ताप नाही, आई नाही. रीतच होती. मला दिसलं की पाचही जण खुर्चीत जरा सैल होऊन बसले. कदाचित मला तसं दिसावंसं वाटलं असेल. बहीण ट्रे तिपाईवर ठेवून आत गेली.

निघताना सरांनी माझा हात हातात घेतला. नोकरीला लागल्यापासून त्यांनी मला एकेरी हाक मारली नव्हती. त्या दिवशी मारली. “अरे, एकटा राहू नकोस. आपण असं करू, पुढचा शनिवार इथेच भरवू. तुझ्याकडे. या खोलीत फार छान बसता येईल.” बाकीच्यांनी माना हलवल्या. “खाण्याबिण्याचं काही करायचं नाही हं,” सर म्हणाले. “आता घरात करणार तरी कोण? आम्ही येताना बर्डीच्या बाजारातून काहीतरी घेऊन येऊ.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्यात कुठेही डाव नव्हता. त्यांना मनापासून माझं बरं करायचं होतं. या घरातली चूल विझली होती आणि आता त्यांना इथे यायला अडचण राहिली नव्हती, हे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नसावं.

“ती होती तेव्हा यायचं होतं, सर,” मी म्हटलं.

“अहो, योग असतात,” ते म्हणाले. पुन्हा ‘अहो’ झालं होतं. त्यांनी माझा हात थोपटून सोडला. पायऱ्या उतरताना धरमपेठेच्यांना धाप लागली म्हणून सगळे थोडे थांबले, मग मोटारीत बसले. मोटार वळून दिसेनाशी होईपर्यंत मी फाटकाशी उभा होतो. दुःखाच्या घरी आलेल्याला पोचवायला जायचं नसतं म्हणतात. मी गेलो.

आत आलो तर बहीण तिपाईजवळ उभी होती. चहावर साय धरली होती.

“एकानं बी नाही घेतला गा भाऊ,” ती म्हणाली. “मंग हे लोक आले कशाले होते?”

मी म्हटलं, “भेटायला.”